राउटरवरचा लाल दिवा: नेमका कुठला, आणि त्यावरून काय ओळखायचं?

सोनचाफा

आईबाबा चिपळूणला, मी पुण्यात. शनिवारच्या पावसापासून घरचं नेट बंद आहे. फायबरचं कनेक्शन, पांढरा डबा, दोन अँटेना. बाबांना फोनवर विचारलं, दिवे कसे दिसतायत? तर म्हणे, "हिरवे आहेत, एक लाल आहे आणि एक आपला मनाला येईल तसा लुकलुकतोय." कुठला लाल? "तो मधला." डब्यावरची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही त्यांना लागत नाहीत. आईचं वेगळंच, पावसाळ्यात त्या डब्याला हातच लावू नका म्हणते.

हेल्पलाइनला दर वेळी नवा माणूस भेटतो आणि जुनंच वाक्य ऐकवतो: बंद करून चालू करा. आता बाबांना मागे एक बारीक भोक सापडलंय, त्यात टाचणी घालू का विचारतायत.

मला इथे बसून एवढंच कळायला हवंय की वायर तुटलीय, डबा गेलाय की कंपनीकडेच काही झालंय. म्हणजे भांडायचं कोणाशी ते ठरवता येईल.

अमोल_ठाणे

टाचणी अजिबात नको!! ते रीसेटचं भोक. आत कंपनीच्या माणसाने भरलेलं लॉगिन, पासवर्ड, सगळं पुसलं जाऊ शकतं. मग वायर जोडली तरी नेट येणार नाही आणि सेटिंग भरायला पुन्हा त्याचीच वाट बघायची. बंद-चालू म्हणजे फक्त भिंतीवरचं बटण.

फायबरवाला_सातारा

ताई, टाचणीचं वर बरोबर सांगितलंय. मी केबल टीव्हीच्या काळापासून या धंद्यात आहे, आता फायबर जोडतो. गिऱ्हाईक फोनवर "लाल दिवा" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, त्याच्याखाली काय लिहिलंय. लाल दोन जागी लागू शकतो आणि दोन्हींचा अर्थ पार वेगळा.

बाबांना टॉर्चच्या उजेडात व्हिडिओ काढायला सांगा. फोटो नको. फोटोत लुकलुकणारा दिवा एक तर पेटलेला दिसतो नाही तर विझलेला, आणि आपल्याला नेमकं ते लुकलुकणंच बघायचंय. मोबाइलला रेंज असेल तिथे जाऊन पाठवू देत.

व्हिडिओ आला की पॉवर सोडून द्या, तो पेटलेला असणारच. आधी एलओएस शोधा. म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. बाकीचे दिवे पेटलेले चांगले, हा एकटा विझलेला चांगला. (माझ्याकडे महिन्याला एक तरी फोन येतो, "एलओएसचा दिवा लागतच नाही, डबा बदलून द्या.") कंपनीच्या मशीनमधून एकाच काचेच्या तारेत सतत उजेड सोडलेला असतो, १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. वाटेत स्प्लिटर लावून तोच ३२ किंवा ६४ घरांना वाटतात. तुमच्या डब्यापर्यंत तो पोचला नाही, किंवा पोचला पण फारच मंद झाला, की एलओएस लाल होतो. बहुतेक डब्यांत लुकलुकतो.

मंद म्हणजे किती, ते आम्ही मीटर लावून बघतो. डीबीएममध्ये आकडा येतो, उणे. सर्वसाधारण घरगुती डबा उणे ८ ते उणे २७ एवढ्या पट्ट्यात चालतो. उणे २० च्या आसपास असेल तर मी निवांत चहा घेतो. उणे २६ असेल तर नेट आज चालेल, पण जोडात पाणी शिरलं की बसलंच. दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो, म्हणून आकड्यातला फरक छोटा वाटला तरी छोटा नसतो.

एलओएस विझलेला असेल तर मग पॉन बघा. उजेड आला की डबा पलीकडच्या मशीनला आपला नंबर सांगतो, तोवर पॉन लुकलुकतो. नोंद झाली की स्थिर हिरवा. एक-दोन मिनिटांचं काम आहे. तासभर लुकलुकतच राहिला तर एक तर उजेड काठावर आहे किंवा त्या डब्याचा नंबर कंपनीच्या मशीनवर चढलेला नाही.

पॉन स्थिर आणि इंटरनेट लाल किंवा बंद, हा दुसरा लाल. मग लाइन ठणठणीत आहे, कोणालाही वायरीला हात लावू देऊ नका. रिचार्ज संपलाय, लॉगिन अडकलंय किंवा कंपनीकडे पुढे काही बिघडलंय. हे काम ऑफिसात बसून होतं, घरी माणूस यायची गरज नसते.

वायफायचे २.४ आणि ५ वाले दिवे मात्र फसवे. ते फक्त सांगतात की डबा घरात लहरी सोडतोय. बाहेरची वायर तुटली तरी ते मजेत हिरवे असतात. बाबांना दिसतायत ते हिरवे बहुतेक पॉवर आणि हेच.

एलओएस लाल निघाला तर शेजारी चौकशी करा. त्याच कंपनीचं त्यांचंही बंद असेल तर बिघाड मागे आहे, वाट बघा. त्यांचं चालू असेल तर बहुतेक खांबापासून तुमच्या घरापर्यंतच्या तुकड्यात आहे. कोकणात वानरं आणि खारी, दोघांनाही वायर आवडते.

हेल्पलाइनवाल्याला "लाइट गेली असेल" म्हणू देऊ नका. वीज गेल्यावर डबे मरता मरता एक निरोप पाठवतात, डाईंग गॅस्प म्हणतात त्याला. फायबर तुटलं तर तो निरोप जातच नाही. म्हणजे वीज गेली की तार तुटली, हे त्याला स्क्रीनवर बघता येतं. बघायचं असेल तर.

आणि हिरव्या टोकाची पिन काढून आत डोकावायचं नाही. दिसत काही नाही, पण तो लेसरच आहे.

खडूस_काका

फायबरवाल्यांनी पॉवरचा दिवा "सोडून द्या" म्हटलंय, तेवढं मला मान्य नाही. कोकणातल्या व्होल्टेजने अ‍ॅडॉप्टर अर्धमेला होतो. दिवा लागतो, पण थोड्या वेळाने सगळे दिवे एकदम विझतात आणि पहिल्यापासून पेटायला लागतात. व्हिडिओ जरा लांब काढा, तरच हे दिसेल. नवा घेताना जुन्यावरचे व्होल्ट तेवढेच हवेत (बहुधा १२), अँपिअर तेवढे किंवा जास्त.

गंधार

थोडं विषयांतर. माझ्या राउटरवर टीव्हीच्या लॅन पोर्टचा दिवा नारिंगी, बाकीचे हिरवे. प्लॅन २०० चा, टीव्हीवर ९४ च्या पुढे जात नाही.

फायबरवाला_सातारा

@गंधार रंगाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, पण ९४ म्हणजे ते पोर्ट १०० वर जोडलं गेलंय. १०० ला आठातल्या चारच तारा पुरतात, १-२-३-६. हजारला आठही लागतात. केबल बदलून बघा. टीव्हीचं पोर्टच १०० चं असेल (पुष्कळ टीव्हींचं असतं) तर काही करू नका, सिनेमाला ९४ रग्गड झाले.

@खडूस_काका मान्य. अ‍ॅडॉप्टर धरायला हवा होता.

सोनचाफा

व्हिडिओ आला! बाबा गच्चीत छत्री धरून पाठवत होते. एलओएस लाल, लुकलुकतोय. पॉन बंद. वायफायचे दोन्ही हिरवे, अगदी मजेत. समोरच्या काकूंकडे तीच कंपनी आणि नेट चालू. हेल्पलाइनला हे सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे जरा शांतता, मग "मॅडम, उद्या माणूस पाठवतो." बंद करून चालू करा म्हणाला नाही!

सोनचाफा

आज माणूस येऊन गेला. त्याने आतल्या टोकाला लाल उजेडाचं पेनासारखं काहीतरी लावलं आणि बाहेर बघत गेला. खिडकीच्या गजापाशी वायर काटकोनात मुडपली होती, तिथून लाल उजेड गळताना आईला दिसला. आता ती शेजारपाजारी सांगत फिरतेय. तुकडा कापून नवा जोड दिला. आकडा मी मुद्दाम विचारायला लावला, उणे १९.६ आलाय. जोड बाहेर भिंतीवरच आहे, वरून चिकटपट्टी गुंडाळलीय. चालेल ना?

फायबरवाला_सातारा

आकडा झकास. चिकटपट्टी नाही चालणार, चिपळूणच्या पावसात तर नाहीच. जोडाला झाकणाची डबी बसवायला सांगा, तोंड खाली करून, आणि डबीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायला लावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. पैसे मागितले तर देऊ नका, ते जोडाच्या कामातच येतं.