दोन पिनांच्या अडॅप्टरवर दुर्बीण चालवा म्हणणाऱ्यांना उत्तर

रोहिणी (फोंडा)

परवा या मंचावर एकाने लिहिले, 'माउंटच्या (दुर्बीण पेलून मोटारीने फिरवणाऱ्या बैठकीच्या) विजेचा लोक उगाच बाऊ करतात. बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट. सेट-टॉप बॉक्सचा, सीसीटीव्हीचा, घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर लावा, अंगणात एक्स्टेंशन बोर्ड ओढा, पिन बसली की झाले.' खाली सव्वीस जणांनी अंगठे दिले. त्या सव्वीस जणांसाठी लिहिते आहे, कारण त्यातले निम्मे तरी येत्या अमावास्येला हेच करतील.

माझे अंगण चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे. डिसेंबरात रात्री दहानंतर दव पडू लागले की चिरा पाणी पिऊन बसतो, पायाला गार लागतो. दोन वर्षांपूर्वी मीही असाच दोन पिनांचा अडॅप्टर लावला होता. माझा नऊ वर्षांचा भाचा शनी बघायला अनवाणी आला. आयपीसला डोळा लावताना त्याने ट्रायपॉडचा पाय धरला आणि हात झटकला. 'मावशी, मुंग्या चावल्या.' मी टॉर्च लावून खरोखर मुंग्या शोधल्या. एकही नव्हती. मग बोटांची पाठ पायाला टेकवली तेव्हा कळले. मल्टिमीटरचे एक टोक ट्रायपॉडला, दुसरे ओल्या चिऱ्याला लावले: ८७ व्होल्ट, एसी.

कारण सरळ आहे. अशा अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंगची पिन नसली की त्यातून झिरपणारी वीज १२ व्होल्टच्या तारेवाटे माउंटच्या धातूवर येऊन बसते आणि जमिनीकडे जायला वाट शोधते. त्या रात्री ती वाट माझा भाचा होता.

तेव्हापासून माझ्या घरी एकच नियम आहे. २३० व्होल्ट उंबरठ्याच्या आत, १२ व्होल्ट बाहेर. घरात तीन पिनांचा १३.८ व्होल्टचा रेग्युलेटेड सप्लाय, हॅम रेडिओवाले वापरतात तसला, आणि त्यातून अंगणात जाते ती फक्त कमी दाबाची वायर. किंवा सरळ बॅटरी.

वायर मात्र जाड घ्या. अर्ध्या चौरस मिलिमीटरची दहा मीटर वायर दोन अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट खाते. मग स्ल्यू करताना, म्हणजे दुर्बीण वेगाने वळवताना, माउंट मध्येच रीसेट होतो, अलाइनमेंट (ताऱ्यांशी जुळवलेली दिशा) जाते, आणि लोक माउंटच्या कंपनीला शिव्या घालतात. दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते.

वायरमन_३०

रोहिणीबाय, तीस वर्षे घरांत वायरिंग करतो, म्हणून स्पष्ट बोलतो. ८७ व्होल्टचा आकडा लोकांना घाबरवण्यापुरताच खरा. डिजिटल मीटरचा आतला रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो, त्याला कशावरही व्होल्ट दिसतात. चांगल्या अडॅप्टरच्या त्या कपॅसिटरमधून पाव मिलिअँपिअरही जात नाही. मुंग्या येतात, माणूस मरत नाही. चौकोनात चौकोन अशी खूण असते त्या अडॅप्टरला दुहेरी इन्सुलेशन असते, त्याला अर्थिंग लागतच नाही.

खरा धोका कुणी बोलत नाही. पावसाळ्यात ओल येऊन आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे बटण) ट्रिप होते, म्हणून लोक ती बायपास करून घेतात! मला फोन येतात, 'बाब, ते सारखे पडणारे बटण काढून टाका.' मी काढत नाही, मग दुसरा कोणी येऊन काढतो. आणि अर्थिंगचे काय? चिऱ्याच्या जमिनीत मार्चनंतर ओल राहत नाही. खड्ड्यात पाणी ओतले नाही तर अर्थिंग नावालाच. तुमचा तीन पिनांचा सप्लाय त्या मेलेल्या अर्थिंगला जोडून तुम्ही काय मिळवलेत?

रोहिणी (फोंडा)

चांगल्या अडॅप्टरची झिरप जीवघेणी नसते, हे मान्य. पण 'चांगला' हा शब्द तुम्ही घातलात. मूळ सल्ला 'कुठलाही' असा होता. दीडशे रुपयांच्या अडॅप्टरमध्ये तो कपॅसिटर योग्य दर्जाचा आहे की साधा टाकलाय, हे फोडल्याशिवाय कळत नाही. साधा असेल आणि शॉर्ट झाला तर पाव मिलिअँपिअरची हमी संपली, आख्खे २३० ट्रायपॉडवर. शिवाय दवात भिजणारा एक्स्टेंशन बोर्ड, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिले नाही.

आणि माणूस सुटला तरी यंत्र सुटत नाही. लॅपटॉप एका अडॅप्टरवर, माउंट दुसऱ्यावर, आणि मध्ये यूएसबीची केबल लावताना बारीक ठिणगी. माझ्या माउंटचा गायडिंगचा (ताऱ्यावरून दिशा सुधारत राहण्याचा) पोर्ट तसाच गेला.

अर्थिंगचे तुमचे बरोबर आहे. मी माझे तपासून घेईन.

नवा_तारेवाला (म्हापसा)

'कुठलाही अडॅप्टर लावा' हे वाक्य माझे आहे. दोन वर्षे सीसीटीव्हीच्या अडॅप्टरवर चालवतोय, मला कधी मुंग्या आल्या नाहीत. मी घराबाहेर पाऊल टाकत नाही, गच्चीवर सुकी फरशी आहे. प्रत्येकाकडे महागडी लिथियम बॅटरी घ्यायला पैसे नसतात, ताई. दुर्बीण घेतानाच मी वर्षभर पैसे साठवले. तुमच्यासारख्यांच्या पोस्टी वाचून नवीन मुले दुर्बीण गुंडाळून ठेवतात, हे तुमच्या लक्षात येते का?

अगस्ती (काणकोण)

मुले दुर्बीण गुंडाळून ठेवतात ती माउंट जळल्यावर. माझा जळलाय, म्हणून सांगते. लॅपटॉपचा जुना अडॅप्टर होता, साडेपाच मिलिमीटरची पिन, सैलसर पण बसली. आत १९.५ व्होल्ट. लाल दिवा एकदा चमकला आणि जळक्या वार्निशचा वास आला. पिन बसते याला काही अर्थ नाही. माझ्या माउंटच्या पुस्तिकेत ११ ते १५ व्होल्ट आणि मधली पिन धन, असे स्पष्ट छापले होते. मी वाचले नव्हते. सगळे माउंट बाराचे असतात असेही नाही, मीड कंपनीच्या जुन्या एलएक्स२०० दुर्बिणीसोबत १८ व्होल्टचा अडॅप्टर येई.

दुसरे, बॅटरीवाल्यांनी फ्यूज विसरू नये. गाडीच्या डिकीत माझी बॅटरी होती, फ्यूज नव्हता. पान्याच्या कोपऱ्याने धन वायरचे साल सोलले आणि ती चेसिसला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकली. वायर लाल होऊन गालिच्यात रुतली, सीटच्या मागून धूर. बॅटरी बारा व्होल्टचीच होती. पण शॉर्ट झाली की लेड-अ‍ॅसिड शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला चिकटून हवा, माउंटकडच्या टोकाला बसवून उपयोग नाही, कारण मधली सगळी वायर उघडीच राहते.

काळोखप्रेमी (सत्तरी)

तुम्ही सगळे घरून बघताच कशाला, हे मला कळत नाही. म्हापशाच्या गच्चीवरून काय दिसते? गुरू, शनी, चंद्र. त्याला गोटू (तारा स्वतः शोधणाऱ्या) माउंटची गरज नाही. बॅटरी घ्या आणि चोर्ला घाटाच्या बाजूला या. मोपाचा विमानतळ २०२३ च्या सुरुवातीला चालू झाला, तेव्हापासून पेडण्याच्या सड्यावरचा उत्तरेचा काळोख गेला. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंशांवर. तेवढाच पट्टा त्या उजेडाने भरलाय. पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणे, कशी करायची?

नवा_तारेवाला (म्हापसा)

मला रात्रपाळी असते. चोर्ल्याला जाऊन पहाटे परत कसे येऊ? गच्ची आहे म्हणून आकाश आहे.

काळोखप्रेमी (सत्तरी)

तुमच्या गच्चीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पांढऱ्या एलईडीबद्दल. आमच्या वाड्यावर पूर्वी पिवळे सोडियमचे दिवे होते, आता पांढरे. पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त पसरतो. त्याला वर झाकण नाही, अर्धा उजेड आंब्याच्या शेंड्यावर. मी पंचायतीत दोनदा अर्ज दिला. उत्तर मिळाले, 'उजेड नको म्हणणारा तुम्ही पहिलेच.' उजेड नको असे मी म्हटलेच नव्हते, तो खाली पाडा म्हटले होते!

अगस्ती (काणकोण)

हा विषय इथला नाही, पण आता निघालाच आहे तर आगोंद आणि गालजीबागला या. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात ती उजळ क्षितिजाकडे चालतात. पूर्वी उजळ बाजू समुद्राची असायची, आता शॅकची, किनाऱ्यावरच्या खानावळींची, असते. पिल्ले उलटी रस्त्याकडे चालत जातात. मी एकदा वनखात्याच्या माणसांबरोबर टोपलीत गोळा केली आहेत. तळहातावर ठेवले तरी वल्ही मारायचे थांबत नाही पिल्लू. मोरजी-मांद्र्यालाही तेच. दुर्बीणवाल्यांचे कोणी ऐकत नसेल, तर कासवांच्या नावाने तरी दिवे झाका.

वायरमन_३०

दिवे झाकायला सांगता, रात्री बाई-माणूस पाळीवरून घरी येते तेव्हा तिला उजेड नको? मी पंचायतीचे दिवे बसवलेत. लोक जास्तच मागतात.

काळोखप्रेमी (सत्तरी)

डोळ्यांवर येणारा उजेड माणसाला आंधळा करतो. दिव्यामागे उभा असलेला दिसत नाही. झाकण लावलेला कमी वॅटचा दिवा रस्ता जास्त दाखवतो. तुम्ही वायरमन आहात, तुम्हाला हे माहीत नसेल असे मी मानत नाही. लडाखात हानलेला २०२२ साली डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा काळोख राखलेले क्षेत्र) झाले, पेंचला २०२४ साली डार्क स्काय पार्क. आपल्या नेत्रावळी अभयारण्याला आपण का मागू नये?

वायरमन_३०

झाकणाचे मान्य. पण टेंडरमध्ये जे लिहिलेले असते तेच बसवावे लागते. झाकण लिहून द्या, झाकण बसवतो.

निशाचर

धागा विजेचा होता. नवा_तारेवाला यांनी पैशांचे म्हटले त्यावर बोलतो, कारण ते खरे दुखणे आहे. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड सगळ्यांत स्वस्त, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली तर मरते, म्हणजे हातात साडेतीन. माउंट ट्रॅकिंगला (ताऱ्यामागे फिरत राहायला) अर्धा ते एक अँपिअर घेतो, म्हणजे चार-पाच तास. भिंगावर दव बसू न देणारा हीटर लावलात तर दोन तासही नाही, आणि गोव्यात हीटरशिवाय रात्र निघत नाही. लिथियम फॉस्फेटची २० अँपिअर-तासांची एकदाच घ्या. शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकते. फक्त तिचा स्वतःचा १४.६ व्होल्टचा चार्जर वापरा. साधी तीन सेलची लिथियम-आयन मात्र १२.६ ला सुरू होऊन ११ च्या खाली येते, ती घेऊ नका.

लेड-अ‍ॅसिडच घेणार असाल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा चार्ज करा. मी जूनमध्ये कपाटात ठेवली, ऑक्टोबरात काढली. मीटरवर बारा दाखवायची, स्ल्यूचे बटण दाबले की सात.

नवा_तारेवाला (म्हापसा)

रोहिणीताई, रागाने लिहिले होते ते लिहिले. पण काल रात्री मीटर आणून मोजले. सीसीटीव्हीचा अडॅप्टर १२.१ दाखवतो, तो बरा आहे. ट्रायपॉडला एसी किती ते सुकी फरशी असल्यामुळे कळले नाही, म्हणून नळाच्या लोखंडी पाइपला टोक लावून पाहिले. ६१ आले. गेल्या महिन्यात मी जो दुसरा अडॅप्टर भावाच्या मुलाला वापरायला दिला, जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला, त्यावर १२ छापले आहे आणि बिनलोड, म्हणजे काही न जोडता, १७.४ दाखवतो. त्याचा माउंट अजून जळला नाही हे नशीब. तो अडॅप्टर परत आणला आहे.

माझी पोस्ट खोडत नाही, तिच्याखाली या धाग्याचा दुवा देतो. सुक्या गच्चीचे माझे म्हणणे मी सोडलेले नाही.

फ्यूज कुठे मिळतो?

अगस्ती (काणकोण)

गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे मागा. ब्लेड फ्यूज, पाच अँपिअर, आणि वायरसकट येणारा होल्डर. एक फ्यूज लावा, चार खिशात ठेवा.

वायरमन_३०

म्हापशात मी असतोच. गच्चीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का ते येऊन बघतो. पैसे नकोत, एकदा शनी दाखवा.