हॉलमधला सेट टॉप बॉक्स मागच्या खोलीतल्या टीव्हीवर वायरलेस दाखवायचाय – एव्ही सेंडर कुणी वापरलाय का?

चिमणपुरेकर
नमस्कार मंडळी. साताऱ्यात चिमणपुऱ्यात आमचं जुनं घर आहे, पुढं हॉल, मधे माजघर आणि त्याच्या मागं एक खोली, आणि मधल्या भिंती सगळ्या दगड-मातीच्या, कोनाड्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो एवढ्या जाड. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आमचे उंबरे उंच, त्यामुळं ते काही दिवस मागच्या खोलीतच असणार. तिथं जुना २४ इंची एलईडी पडून आहे, त्याला एव्ही पण आहे आणि एक एचडीएमआय पण आहे. डीटीएचचा बॉक्स हॉलमधे. भिंतीला भोक पाडायचं नाही, घर सामायिक आहे आणि चुलते ऐकणार नाहीत. म्हणून मामाकडनं एव्ही सेंडर आणला, लाल-पांढरी-पिवळी वायरवाला, २.४ गिगाहर्ट्झचा. चित्र येतं पण मुंग्याच मुंग्या, आवाजात घूंऽऽ असा आवाज, आणि आईनं मायक्रोवेव्ह लावला की सगळंच गायब. खोक्यावर १०० मीटर लिहिलंय, इथं पुढच्या दारापासून परड्यापर्यंत पण तेवढं अंतर नाही. वर चॅनल बदलायचं तर बाबा आतनं ओरडणार आणि आई हॉलमधे जाऊन बदलणार. ५.८ वाला घेऊ का एचडीएमआयवाला? का नादच सोडू?

पोवईनाका_कट्टा
ते १०० मीटर मोकळ्या मैदानातलं असतं, मधे काहीच नसताना. दोन वीटभिंती आल्या तरी निम्म्याच्या खाली येतं आणि तुमची तर दगडाची भिंत, त्यात साताऱ्याचा पाऊस, ओल धरलेली भिंत सिग्नल अजून खाते.

मायक्रोवेव्हचं कारण सरळ आहे, तो पण २.४ च्याच आसपास चालतो, वायफाय पण तिथंच. हा जुना सेंडर अॅनालॉग असतो, म्हणजे एकदा चालू केला की सतत प्रक्षेपण करत बसतो, वायफायसारखं थांबून दुसऱ्याला वाट देत नाही. तुमचं इंटरनेट पण आजकाल रडत असेल बघा. सेंडरच्या खाली किंवा मागं एक छोटा सरकवायचा स्विच असतो, चार चॅनलचा, दोन्ही डब्यांवर (हॉलमधला पाठवणारा आणि आतला पकडणारा) एकच नंबर ठेवायचा आणि चारही फिरवून बघायचे. सोबत राऊटरच्या सेटिंगमधे जाऊन वायफाय १ किंवा ११ वर टाका, ऑटोवर ठेवू नका, नायतर तो रात्रीत परत उडी मारतो.

आणि डबा टीव्हीच्या मागं कोंबू नका. उंच ठेवा, चपटी अँटेना एकमेकांकडं तोंड करून, आणि शक्यतो भिंतीतनं नाही तर दारांच्या रांगेतनं. जुन्या घरात दारं एका ओळीत असतात त्याचा फायदा घ्या की.

वायरमन_सांगली
मुंग्यांचं वरच्यांनी सांगितलंच, मी त्या घूं आवाजाचं सांगतो कारण तो बहुतेक वायरलेसचा नाहीच. तुमच्या बॉक्सला मागं तीन वेगळी भोकं आहेत का मोबाईलच्या हेडफोनसारखं एकच गोल भोक आहे? नवीन बॉक्सना एकच असतं आणि त्यात ३.५ एमएमची पिन जाते, टोकापासनं मागं चार कडी. गंमत अशी की त्या चार कड्यांवर व्हिडिओ कुठं, ग्राउंड कुठं हे प्रत्येकाचं वेगळं. पेटीत पडलेली कुठली तरी वायर घातली की पिन व्यवस्थित बसते, दिसायला तश्शीच, पण ग्राउंड भलत्याच कडीवर जातं आणि मग घूं सुरू. बॉक्ससोबत आलेलीच वायर शोधा. ती नसेल तर पिवळ्याच्या जागी लाल घालून बघा, कधी कधी नुसतं व्हिडिओ-ऑडिओ अदलाबदल झालेलं असतं. तरीही घूं राहिला तर वायर बदला, दुसरा इलाज नाही.

रिमोटचं म्हणाल तर तुमच्या सेंडरला शेपटीसारखी बारीक वायर आहे का, टोकाला काळा मणी? ती बॉक्सच्या समोर, जिथं रिमोटचा डोळा असतो बरोबर तिथं चिकटवायची. मग बाबांनी मागच्या खोलीतल्या डब्याकडं रिमोट दाबला की सिग्नल हॉलमधे जातो. हा भाग बहुतेक सेटमधे ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो, तो भिंतीतनं २.४ पेक्षा बराच बरा जातो, म्हणून कधी कधी चित्र येत नाही पण चॅनल मात्र बदलतं! मणी चालतोय का बघायला मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा आणि रिमोट दाबा, जांभळट लुकलुकलं पाहिजे. तुमचा रिमोट ब्लूटूथचा असेल तर मात्र ही शेपटी उपयोगाची नाही.

चिमणपुरेकर
दादा घूं गेला! हॉलच्या टीव्हीच्या खणात ओरिजिनल वायर सापडली. शेपटी पण होती, पिशवीतच राहिलेली. चॅनल ३ वर आणि डबा दाराच्या चौकटीवर ठेवल्यावर मुंग्या कमी झाल्यात, बातम्यांची खालची पट्टी मात्र वाचता येत नाही. आता नवीन भांडण, संध्याकाळी बाबांना बातम्या आणि आईला मालिका. दोघांना वेगवेगळं लावता येईल का?

मिरजेचा_तंबोरा
नाही येणार. हे आधीच सांगायला पाहिजे होतं कुणीतरी. सेंडर कुठलाही घ्या, २.४, ५.८, एचडीएमआय, कितीही महाग, बॉक्स एकच म्हणजे चॅनल एकच. बाबांनी आतनं रिमोट दाबला की आईची मालिका ऐन रंगात असताना उडणार. शेपटी लावून तुम्ही भांडण वायरलेस केलंत.

पट्टी वाचता न येणं पण एव्हीच्या पिवळ्या वायरची मर्यादा आहे, ५७६ ओळींचंच चित्र जातं त्यातनं. एचडीएमआयवाला सेंडर घेतलात तर अक्षरं स्वच्छ दिसतील पण तो बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे दगडाच्या भिंतीला अजूनच हरणार. अॅनालॉगला मुंग्या येतात तरी चित्र दिसत राहतं, हा अडकतो नायतर काळा होतो. घेताना एचडीसीपी चालतं का विचारा, डीटीएचचा बॉक्स चित्र लॉक करून पाठवतो, ते जमलं नाही तर पडदा कोरा. आणि चित्र-आवाज दोन्ही थोडं मागं पडतं, मॅच असली की हॉलमधनं विकेटचा ओरडा आधी येणार आणि बाबांच्या टीव्हीवर विकेट क्षणभरानं पडणार.

मी तुमच्या जागी असतो तर पैसे यात घातले नसते.

कृष्णाकाठ
अहो एवढं कशाला, टीव्हीच्या एचडीएमआयला इंटरनेटवरनं टीव्ही दाखवणारी स्टिक लावा, डीटीएचचं अॅप टाका, वायफायवर सगळं दिसतंय. काय जमाना चाललाय आणि तुम्ही लाल-पिवळी वायर.

मिरजेचा_तंबोरा
@कृष्णाकाठ वायफायला तीच भिंत ओलांडायची आहे ना? मग रिपीटर आला. आणि अॅपमधे लॉगिन गेलं की पंचाहत्तरीच्या माणसानं ओटीपी कुठला शोधायचा? त्यांना रिमोटवर नंबर दाबून चॅनल पाहिजे.

@चिमणपुरेकर भोक पाडायचं नाही ठीक, पण मागच्या खोलीला खिडकी असेल की. डिश गच्चीवरच आहे, तिच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो तो दोन आउटपुटवाला बसवायचा, त्यातनं दुसरी वायर बाहेरच्या बाजूनं खाली सोडून खिडकीतनं आत, आणि बाबांना स्वतःचा बॉक्स. त्याच कंपनीकडं दुसऱ्या टीव्हीचा दर विचारा, वेगळ्या कनेक्शनपेक्षा कमी पडतो. महिन्याचे पैसेच नको असतील तर डीडी फ्री डिश, पण त्याला बहुतेक डिश वेगळी लागेल, तो जीसॅट-१५ उपग्रहावर ९३.५ अंशाला आहे, तुमची आत्ताची डिश बहुतेक तिकडं बघत नसणार. बाबा सह्याद्री आणि बातम्यांवर खूश असतील तर तेवढ्यात भागतं.

चिमणपुरेकर
खिडकी आहे, परड्याच्या बाजूला. भिंतीतनं वायर नाही म्हटल्यावर चुलते पण गप्प बसतील. बाबांना विचारलं, त्यांना बातम्यांसोबत आईचे चॅनल पण पाहिजेत, म्हणजे फ्री डिश नको, त्याच कंपनीचा दुसरा बॉक्स घेतो. तोवर सेंडर राहू दे. एकच शंका, आमच्याकडं पाऊस आडवा येतो, वायरीवरनं पाणी खोलीत येणार नाही का?

वायरमन_सांगली
येणार, वायर वरनं सरळ खिडकीत घेतली तर येणारच. खिडकीच्या बाहेर वायरला वीतभर खाली झोल द्या आणि मग वर वळवून आत घ्या, पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून जातं. गच्चीवर एलएनबीच्या कनेक्टरला पण तसाच झोल ठेवा आणि वरनं रबरी टेप गुंडाळायला सांगा, तिथं पाणी शिरलं की आधी सिग्नल जातो मग एलएनबी. बसवणारा घाईत असतो, शेजारी उभं राहून करून घ्या.