कढीपत्त्यावरची लाल ठिपक्यांची मादी
कढीपत्त्यावर दोन वेगळ्या रूपांची फुलपाखरं अंडी घालतात, म्हणजे जाती दोन का, असा प्रश्न एकाने विचारलाय. बहुधा दोन्ही कॉमन मॉर्मन या एकाच जातीची. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. काही माद्या नरासारख्या, तर काही हुबेहूब कॉमन रोझ या दुसऱ्या जातीच्या फुलपाखरासारख्या दिसतात. कॉमन रोझच्या अळ्या सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि तिथलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. या माद्या बिनविषारी असूनही त्या सोंगावर निभावून नेतात.

ओळखायचं असेल तर पंख सोडा, धड बघा. रोझचं धड लालभडक असतं, मॉर्मनचं काळं.

यामागचं जनुकशास्त्र तर विलक्षण आहे. पूर्वी वाटायचं की हे रूप शेजारी शेजारी चिकटलेल्या अनेक जनुकांमुळे येतं. जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं की सूत्रं एकाच जनुकाकडे आहेत: डबलसेक्स. एरवी कीटकांत नर-मादीतला फरक घडवणारं हेच जनुक! नरांतही या जनुकाची सोंग घडवणारी प्रत असू शकते, पण त्यांच्या पंखांवर ती उमटत नाही. पुढच्या वेळी अंडी घालताना दिसली तर धडाचा फोटो नक्की टाका.