बादलीचा सापळा: उंदीर शेंगदाणे खाऊन जातो, पडत मात्र नाही

खानापूरकर
सुगी आटोपून भाताची पोती माजघरात रचल्यापासून आमच्या कौलारू घरात उंदरांनी उच्छाद मांडला आहे. घरात लहान मुले व मांजर असल्यामुळे विषाच्या गोळ्या ठेवता येत नाहीत, आणि चिकट पुठ्ठ्यावर रात्रभर तडफडणारा उंदीर आईला बघवत नाही. म्हणून २० लिटरच्या बादलीच्या तोंडावर तार आडवी बसवून तीत पाण्याची रिकामी बाटली ओवली, बाटलीला गूळ मिसळलेले शेंगदाण्याचे कूट फासले आणि चढण्यासाठी लाकडी पट्टी टेकवली. चार रात्री झाल्या. सकाळी कूट चाटूनपुसून साफ झालेले असते व बादली रिकामी. काय चुकत असावे?

शहापूर, बेळगाव
कूट बाटलीच्या टोकापर्यंत फासले असणार. तसे केले की उंदीर मागचे पाय पट्टीवर रोवून, मान लांब करून आरामात खातो. त्याला बाटलीवर यावेच लागत नाही. सुपारीएवढेच कूट बाटलीच्या बरोबर मध्यावर लावा आणि पट्टी बादलीच्या काठाशीच संपवा. दुसरे म्हणजे बाटलीची भोके. घरातला लहान उंदीर भरतो जेमतेम १५ ते २५ ग्रॅम, त्यामुळे टोपणाचे व बुडाचे भोक बरोबर मध्यावर नसेल किंवा तारेला घट्ट बसत असेल, तर तेवढ्या वजनाने बाटली फिरत नाही. दहा रुपयांची दोन नाणी मिळून सुमारे १५ ग्रॅम होतात. ती बाटलीच्या वरच्या अंगाला, मध्यापासून जराशी बाजूला चिकटवून पाहा. बाटली गर्रकन फिरली नाही तर भोक तापलेल्या खिळ्याने मोठे करा.

निपाणीहून
वरील सूचना योग्य आहे, पण मुळात हे लहान उंदीर आहेत ना, ते आधी ठरवावे. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान असतील तर बादली पुरेल. मोठा उंदीर किंवा घूस असेल तर ती त्यातून उडी मारून निघून जाईल व तिच्यासाठी पिंजराच हवा. (तंबाखूच्या वासाने उंदीर पळतात, असे सांगणाऱ्यांनी आमच्या वखारीतील कुरतडलेली पोती येऊन पाहावीत.) बादली माजघराच्या मधोमध ठेवू नका. उंदीर मिशा भिंतीला लावून कडेकडेने पळतो, म्हणून पट्टी भिंतीला लागून असावी आणि पहिल्या दोन रात्री बाटली सुतळीने बांधून ठेवावी. खाण्याची सवय लागली की मग सुतळी सोडावी.

बेळगावकर
बादलीच्या आतल्या बाजूला थोडे खाद्यतेल फासा, म्हणजे नखांना पकड मिळणार नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तेव्हा बादली हातमोजे घालून उचलावी व ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी. मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले होतात, त्यामुळे नुसते पकडून भागणार नाही. जिच्यात पेन्सिल शिरते, अशी प्रत्येक फट लोखंडी घासणी कोंबून वरून सिमेंटने लिंपावी आणि पोती जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून दूर रचावीत.

खानापूरकर
सर्वांचे आभार. नाणी चिकटवली तर बाटली हललीसुद्धा नाही, म्हणजे दोष भोकाचाच होता. भोक मोठे केले, बादली भिंतीशी सरकवली आणि दोन रात्री बाटली बांधून ठेवून काल सोडली. पहाटे बादलीत दोन उंदीर होते. आईच्या आग्रहाखातर ते नाल्यापलीकडे सोडून आलो. मांजर रात्रभर बादलीशेजारीच दबा धरून बसू लागल्याने त्याला आता सोप्यात कोंडावे लागते, आणि त्याचे ओरडणे ऐकून शेजारी विचारतात की तुमच्याकडे नक्की कोणाला पकडले आहे.