मदत हवी आहे: दाजीपूरकडे वाटेकडेच्या कारवीवर बसलेला साप मलबारी चापडाच का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. राधानगरीच्या पुढं, दाजीपूरच्या बाजूला माझ्या मामांचं घर आहे. पावसानं जोर धरला तसा घर ते गोठा या वाटेकडेच्या कारवीत एक साप येऊन बसलाय. जागा कंबरेएवढ्या उंचीवर, शेपटीची पकड फांदीला, आणि दिवसभर हालचाल जवळजवळ नाहीच.

वर्णन देतो. रंग शेवाळी हिरवा, पाठीवर तपकिरी, वेडेवाकडे डाग. डोकं त्रिकोणी, मान बारीक. डोळ्यामागून जबड्याकडे गडद पट्टी जाते. अंगानं आखूड आणि जाडसर. सुरुवातीला घरात सगळे हरणटोळच म्हणत होते. पण हरणटोळाचं तोंड लांब, टोकदार असतं आणि बाहुली आडवी. याची बाहुली उभी आहे. लांबूनच मोबाईल झूम करून काढलेल्या फोटोत डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खड्डाही दिसतो. म्हणजे चापडा, इतपत मला खात्री आहे. प्रश्न असा की हिरवा चापडा की मलबारी?

दुसरी अडचण मोठी. मामा म्हणतात, "मारू नको म्हणतोयस खरं, पण पोरं त्याच वाटंनं जात्यात." त्यांची काळजी रास्त आहे. त्यात गावात बातमी फुटली आणि संध्याकाळी फोटोसाठी माणसं यायला लागली. एकजण तर त्यानं तोंड वर करावं म्हणून काठीनं फांदी हलवत होता. मला फार वाईट वाटलं. तो स्वतःच्या रानात गप बसलाय. सर्पमित्राला बोलवून हलवावा का? तिथंच राहू द्यायचा तर माणसं आणि तो, दोघांना सांभाळायचं कसं? आणि रात्री त्याला बघायचं झालं तर टॉर्च मारलेला चालतो का?

प्रतिसाद १

वर्णनावरून मलबारी चापडाच वाटतो. हिरवा चापडा बहुतेक एकसारखा हिरवा असतो आणि अंगाच्या कडेनं फिकट रेघ जाते. मलबारीच्या रंगावर मात्र विसंबू नका. हिरवा, तपकिरी, पिवळसर असे सगळे एकाच रानात सापडतात. पाठीवरची नक्षी आणि डोळ्यामागची पट्टी जास्त उपयोगी.

हलत नाही म्हणून आजारी समजू नका. दबा धरून शिकार करणारा साप आहे. बेडूक, पाली टप्प्यात येईपर्यंत एकाच फांदीवर कित्येक दिवस काढतो. तुम्ही पाहिलेला खड्डा उष्णता ओळखण्यासाठी असतो, अंधारातही त्याला उबदार अंगाचं सावज कळतं.

हलवू नका. परक्या जागी सोडलेला साप आडोसा आणि खाणं शोधत भटकतो, त्यात जगेलच असं नाही. त्यापेक्षा वाट हलवा. पावसाळाभर पोरांना दुसऱ्या बाजूनं पाठवा. कारवी तोडायला जाऊ नका, फांदीत हात घालावा लागेल. बघताना निदान दोन मीटर लांब उभं राहा. टॉर्च मंद, क्षणभर, थेट डोळ्यावर नाही. फ्लॅश नकोच.

चावला तर सहसा जीवावर बेतत नाही, पण वेदना आणि सूज भयंकर येते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनवलेलं आहे, चापड्यासाठी नाही. तरीही दवाखाना गाठायचाच. आवळून बांधणं, चिरा देणं, साप पकडून न्यायला जाणं, यातलं काहीही करू नये. खरं सांगायचं तर गोठ्याशेजारी मला चापड्यापेक्षा मण्यारीची काळजी जास्त वाटते. ती रात्री फिरते, चावल्याचं दुखणं फारसं जाणवत नाही आणि जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी गंभीर झालेला असतो. रात्री कॉटवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

प्रतिसाद २

फोटो टाकलात तर ठिकाण लिहू नका, गर्दी तिथूनच सुरू होते. काठी घेऊन येणाऱ्यांना स्पष्ट सांगा की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण आहे. ऐकलं नाही तर वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ लावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मामांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. फणसाच्या पलीकडून नवी वाट पाडायला ते तयार झालेत, आणि फोटोवाल्यांना आता मामीच अंगणातून परत पाठवतात.

आणखी एक विचारतो. गोठ्यामागच्या बांधाची माती ढासळली तिथं वीतभर लांबीचा, काळसर, चकचकीत साप दिसला. डोकं लहान आणि निमुळतं, शेपूट तिरकी कापल्यासारखी बोथट, टोकाला माती चिकटलेली. मामी त्याला दुतोंड्या म्हणतात, पण मांडूळ एवढं बारीक नसतं. गांडुळं खाणारा खापरखवल्या म्हणतात तो हाच का? माती पुन्हा सैलसर लोटून ठेवली आहे. आता तिथला बांध दुरुस्त करायला पाऊस संपेपर्यंत थांबावं का?