'स्वतंत्र यंत्रणा' म्हणजे नक्की कशी यंत्रणा?

तळटीप: युरोपीय संघाच्या एनआयएस-२ या सायबर सुरक्षा निर्देशाचा मराठी गोषवारा करतेय. कलम ३१ मध्ये अट आहे की सरकारी कार्यालयांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेला त्याच कार्यालयांपासून 'ऑपरेशनल इंडिपेन्डन्स' हवा. मी 'स्वतंत्र यंत्रणा' लिहिलं, तर संपादक म्हणाले, म्हणजे वेगळं ऑफिस ना? त्यांचंही चूक नाही. स्वतंत्र खोली, स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र पावती. निम्म्या वेळा आपलं 'स्वतंत्र' नुसतं वेगळं असतं. काय लिहू?

खोडरबर: स्वायत्त. विषय संपला.

अर्धविराम: संपला कसा? स्वायत्त म्हणजे नेमणुका, पैसा, नियम सगळं स्वतःच्या हातात. जर्मनीची बीएसआय, म्हणजे तिथली केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणा, बघा. १९९१ पासून आहे, पण गृहखात्याच्या हाताखाली. २०२२च्या ऑक्टोबरात गृहमंत्र्यांनी तिच्या अध्यक्षांनाच कामापासून दूर केलं. हिला स्वायत्त म्हणणार? आणि खरी मेख पुढे आहे. फेडरल पोलीसही त्याच खात्याचे. तपासासाठी फोनमध्ये शिरायचं तर सॉफ्टवेअरमधली भोकं उघडी राहिलेली बरी. बीएसआयचं काम ती बुजवण्याचं. साहेब दोघांचा एकच. मग एखाद्या संशोधकाला भोक सापडलं तर तो अशा यंत्रणेला बिनधास्त कळवेल का? म्हणून तिथे कायदा बदलायचा विषय निघाला की मागणी होते ती साहेबाच्या हुकमातून सुटका करण्याची. वेगळी इमारत कोणी मागत नाही.

खोडरबर: 'भोक' काय! 'त्रुटी' लिहा.

अर्धविराम: त्रुटी अर्जात असते.

मोडीवाचक: 'आयत्त' म्हणजे ताब्यातलं. स्व + आयत्त, स्वतःच्याच ताब्यात असलेलं. 'स्वाधीन'ची घडणही तशीच, पण मराठीत तो पार उलटा फिरला: चोराला पोलिसांच्या स्वाधीन केलं. तेव्हा 'स्वाधीन यंत्रणा' चुकूनही लिहू नका, लोक विचारतील कुणाच्या? जाता जाता, 'आयता' हा शब्दही याच 'आयत्त'मधून आला असावा असं मला फार दिवस वाटतंय.

खोडरबर: उच्चार जुळला की व्युत्पत्ती लागली असं होत नाही.

मोडीवाचक: 'वाटतंय' म्हटलंय मी.

तळटीप: माझं वाक्य तिथंच अडलंय. 'कामकाजापुरतं स्वातंत्र्य' कसं वाटतं?

अर्धविराम: उपकार केल्यासारखं. 'हस्तक्षेपमुक्त' घ्या.

कानामात्रा: '-मुक्त' जपून वापरा. भारतातली सर्ट-इन, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणारी सरकारी यंत्रणा, २०२३च्या नोव्हेंबरात माहिती अधिकारातून मुक्त झाली. मंत्रालय वर होतं तिथेच आहे, नागरिकांच्या प्रश्नांपासून मात्र सुटका. हेही 'मुक्त'च! तेव्हा कुणापासून ते वाक्यात आलंच पाहिजे. 'पासून' लावा, 'स्वतंत्र'चा 'वेगळं' हा अर्थ आपोआप गळतो. 'मंत्रालयापासून स्वतंत्र' यात संदिग्ध काय आहे?

मोडीवाचक: 'मुख्य घरापासून स्वतंत्र जिना.'

कानामात्रा: जिन्याला कोण आदेश देतं?

खोडरबर: मुळात 'सायबर' तरी कशाला? सावरकरांनी 'महापौर' दिला, तो आज कुणाला खटकत नाही. 'जालसुरक्षा' म्हणा.

अर्धविराम: वीजकेंद्रातली नियंत्रण यंत्रणा कुठल्याच जालाला जोडलेली नसली, तरी पेनड्राइव्हमधून बिघडवता येते. तिची सुरक्षा जालसुरक्षा कशी? शिवाय मोठी घटना लक्षात आल्यावर एनआयएस-२ प्रमाणे पहिली सूचना २४ तासांत द्यायची असते, तेवढ्यात ज्याला ती द्यायची आहे त्याला शब्द समजायला हवा. सायबर सगळ्यांना समजतो.

खोडरबर: समजतो म्हणजे सवय झाली.

अर्धविराम: मग महापौरचं काय झालं?

ओसरी: 'निःपक्ष यंत्रणा' का नको? निवडणुकीच्या बातम्यांत सर्रास येतं.

कानामात्रा: निःपक्ष हा स्वभाव झाला. अधिकारी कितीही निःपक्ष असो, सकाळी मंत्र्याचा फोन आला की संपलं. कायद्याला तो फोनच बंद करायचाय.

मोडीवाचक: आणि 'निःपक्ष' म्हणजे पंख नसलेला असंही होतं.

खोडरबर: मराठीत 'निःपक्षपाती' आहे. 'निष्पक्ष' हिंदीतून आलंय.

तळटीप: मला संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय हो.

मोडीवाचक: हिंदीतून कसं? निष्पाप, निष्फळ, निष्कारण. संधीचा साधा नियम आहे. उलट 'निःपक्षपाती'मध्ये विसर्ग का राहिला ते सांगा.