चढउताराच्या किनारी रस्त्यावरची हाफ मॅरेथॉन : ८ आठवड्यांत काय काय करावं?

सपाटपाय
सपाट रस्त्यावर हाफ २ तास १० मिनिटांत होते. जानेवारीत रत्नागिरीकडची पळायची आहे. रस्ता आरे-वारेच्या जातीचा : खाडीच्या पुलापर्यंत उतरा, की लगेच पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उंच पठारावर, चढा. नकाशावर एकूण चढ ३२० मीटर दिसतो. सुरुवात सकाळी ६ वाजता. राहायला मुंबईत. लक्ष्य किती ठेवू, सराव कुठे करू आणि पाण्याचं काय?

जांभादगड
आधी वेळ. ढोबळ हिशेब असा : दर १० मीटर चढाला ८-९ सेकंद जातात, १० मीटर उताराला ५ सेकंद परत मिळतात. ३२० मीटरला जाणार साडेचार मिनिटं, मिळणार अडीच-पावणेतीन. म्हणजे कागदावर तोटा फक्त दोन मिनिटांचा. कागदावरच. उतार ८ टक्क्यांच्या पुढे गेला की पाय ब्रेक मारण्यातच खर्ची पडतात आणि परतफेड जवळपास थांबते. वर दमट हवा. २:२० धरून निघा.

साताऱ्याच्या हिल हाफचा अनुभव असलेले इथे हमखास फसतात. तिथे यवतेश्वराचा घाट एकदाच चढायचा, मग उतरायचं, त्यामुळे लय सापडते. किनाऱ्याचा रस्ता करवतीच्या दातांसारखा. चढ छोटे, पण खडे, आणि प्रत्येकाच्या आधी एक उतार मांड्या खाऊन गेलेला असतो.

चढावर घड्याळातला वेग बघू नका, श्वास सारखा ठेवा. चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. माथ्यावर पोचल्यावर लगेच सुटू नका, पहिले दीडशे मीटर श्वास बसेपर्यंत तसेच जाऊ द्या.

उतारकरी
वेळेच्या हिशेबाला +१. पण हाफ चढावर हातची जात नाही, जाते उतारावर, आणि कळतं १६-१७ व्या किलोमीटरला.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्याची सवय नसलेल्या स्नायूत बारीक इजा होतात. सपाटीवर कितीही पळा, ही सवय लागत नाही. उलट उताराचे दोन-तीन सराव झाले तरी पुढचे काही आठवडे स्नायू बराच टिकाव धरतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा ३-४ टक्के उतारावर २०० मीटरच्या ४ फेऱ्या, हळूहळू ८ पर्यंत. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या किमान १२ दिवस आधी. नंतर केलात तर दुखऱ्या मांड्या घेऊन उभे राहाल.

उतरताना पावलं छोटी आणि भरभर, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे. मागे रेललात की टाच आपटते आणि गुडघा बोलायला लागतो. वळणाच्या आतल्या कडेला उतार सगळ्यात तीव्र असतो आणि तिथेच जांभ्याची बारीक खडी साचते. पहाटेच्या दवात ती घसरते. रस्त्याच्या मधून उतरा.

बूट अर्धा नंबर मोठा, लेस शेवटच्या भोकातून आवळलेली, नखं तीन-चार दिवस आधी कापलेली. नाहीतर अंगठ्याचं नख काळं झालंच म्हणून समजा.

सपाटपाय
धन्यवाद. मुंबईत उतार कुठला वापरू? इमारतीचे जिने चालतील का? आणि खडा चढ चालत काढला तर?

जांभादगड
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता लांब पळण्यासाठी उत्तम. ठाण्याकडे असाल तर येऊर. दक्षिण मुंबईत मलबार हिल, पण गाड्या सुरू व्हायच्या आत. आठवड्यातून एक दिवस ६०-९० सेकंदांचे ६ ते ८ चढ, परत येताना चालत. जिने उतरणं पूरक आहे, पर्याय नाही. त्यापेक्षा २० सेंमीच्या पायरीवरून एका पायावर सावकाश खाली टेकण्याचे १२ चे तीन संच करा. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा उचलणं, १५ चे तीन.

चालण्यात कमीपणा नाही. चढ १० टक्क्यांच्या वर गेला आणि पळण्याचा वेग किलोमीटरला ९ मिनिटांवर आला की झपझप चालणंच स्वस्त.

खारेवारे
पाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून. किनाऱ्यावर पहाटे गारवा वाटतो, पण हवा तेव्हाच सर्वांत दमट असते. घाम निथळतो, सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. समुद्राकडचा वारा ऊन तापल्यावर उठतो, तोवर तुमची शर्यत संपलेली. त्या वाऱ्याच्या भरवशावर राहू नका. पुलाजवळच्या खोलगट भागात हवा कोंडलेली असते, तिथे वेग थोडा सोडा.

तासाला ४०० ते ६०० मिली, तहानेनुसार, घोटाघोटाने. नुसतंच पाणी ढोसू नका, मधूनमधून ओआरएस. त्यात एक चूक नेहमीची : एक लिटरचं पाकीट छोट्या बाटलीत ओतलं जातं. द्रावण घट्ट होतं, मळमळतं, जुलाबही होतात. दुकानात २०० मिलीचं छोटं पाकीट वेगळं मिळतं, ते घ्या. जेल, म्हणजे पळताना खायचं पुडीतलं गोड घट्ट द्रव्य, ४५ व्या मिनिटाला, नंतर दर ४० मिनिटांनी, आणि चढ सुरू व्हायच्या आधी, धाप लागलेली असताना नाही.

काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन सढळ हाताने. खारट घामाने सोलवटलेली कातडी त्या दिवशीच्या आंघोळीला कळते. कोकम सरबत शेवटच्या रेषेनंतर, आधी नको, आंबटाने पोट ढवळतं.